युद्धजखमी जवानाला मेडिकल बोर्डाने ४० टक्के अपंगत्व दिले, अपील कसं करायचं?

निवृत्ती अपंगत्व पेन्शनच्या २०२३ च्या नव्या नियमांआधीची धरून सांगतो. मेडिकल बोर्डाची प्रत मागवा आणि टक्क्यांआधी कारणाचा रकाना वाचा. तिथे ‘सेवेमुळे’ एवढंच असेल, ‘युद्धजखम’ नसेल, तर खरा तोटा तोच. मुदत भरून निवृत्त झालेल्याला १०० टक्के अपंगत्वावर पेन्शनमधला साधा अपंगत्वाचा भाग पगाराच्या ३० टक्के, युद्धजखमेचा ६०. पुरावा म्हणून जखमेचा रिपोर्ट आणि बॅटल कॅज्युअल्टीचा पार्ट-टू ऑर्डर (युद्धात जखमी झाल्याची अधिकृत नोंद) जोडा.

४० चे ४५ करायला भांडू नका. पेन्शन ठरवताना टक्के वरच्या टप्प्यावर नेतात, त्या राउंडिंगमध्ये दोन्हीचे ५० च होतात. ५० मिळाले, तर मात्र थेट ७५!

नकारपत्रापासून सहा महिन्यांत रेकॉर्ड ऑफिसमार्फत (जवानाच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) पहिलं अपील, मग दुसरं, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबई खंडपीठ. नुसतं ‘टक्के वाढवा’ लिहिलेला अर्ज फेटाळला जाऊ शकतो. हालचाल किती अंशांनी कमी झाली, ते ऑर्थोपेडिककडून लिहून घ्या.