2025 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 17 वा आलेला टॉटेनहॅम चॅम्पियन्स लीग (युरोपातली क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) कसा काय खेळला? आणि आपल्या क्लबांना असलं काही आहे का?

भावा, 17 वा सोड, 18 वा येऊन खालच्या लीगमध्ये ढकलला गेला असता तरीबी खेळला असता, नियमच तसा आहे. युरोपा लीग (युरोपातली दोन नंबरची स्पर्धा) जिंकली की पुढच्या सीझनला चॅम्पियन्स लीग, मग आपल्या लीगच्या टेबलात कुठं का लोळत असंना. 21 मे 2025 ला बिल्बाओत फायनल, समोर मँचेस्टर युनायटेड (ते तर 15 वे!), ब्रेनन जॉन्सनचा तो गोल नक्की कुणाच्या अंगाला लागून आत गेला ते रिप्लेत बघूनबी धड कळत नाही, पण 1-0. जिंकला तो चॅम्पियन्स लीगला आणि हरला तो वर्षभर युरोपातनं बाहेर. आमच्या पेठेत युनायटेडवाले लई, त्या रात्री ग्रुपवर सगळे चिडीचूप.

बाकीचे लीगच्या नंबरावर जातात, पण कुठल्या लीगमधनं किती जण हे त्या देशाच्या सगळ्या क्लबांनी मागच्या 5 वर्षांत युरोपात काय कमवलंय त्यावर ठरतं. वरच्या 4 देशांना 4-4 जागा, आणि बारक्या देशाचा चॅम्पियन असला तरी बसतोय जुलैपासून क्वालिफायर खेळत. मला हे काय पटत नाही. 2024 पासून चॅम्पियन्स लीगमध्ये 36 टीम झाल्या, तेव्हापासून ज्या 2 देशांच्या क्लबांचा मागचा सीझन युरोपात सगळ्यात भारी गेला त्यांना एक-एक जागा जादा. एप्रिल 2025 मध्ये आर्सेनलनं रिअल माद्रिदला 3-0 धुतलं तिथंच इंग्लंडची ही पाचवी जागा पक्की झाली आणि ती मिळाली कुणाला, तर न्यूकॅसलला! आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीनं मॅच मारली आणि फायदा दुसऱ्याच तालमीला, दिलबहारला झाला तर काय राडा होईल बघ.

आपल्याकडं आशियाचं वेगळं. एफसी गोवानं 2025 चा भारतातला सुपर कप मारला म्हणून त्यांना एसीएल टू (एएफसी चॅम्पियन्स लीग टू, आशियातली दोन नंबरची क्लब स्पर्धा) ची प्लेऑफ मिळाली, म्हणजे थेट एंट्री नाहीच, आधी ओमानच्या अल सीबला 2-1 हरवलं तेव्हा कुठं ग्रुपमध्ये, आणि ग्रुपमध्ये कोण तर रोनाल्डोची सौदीतली टीम अल नासर. रोनाल्डो येणार म्हणून ऐन दिवाळीत गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमला जायला आमची पोरं गाडी ठरवून बसलेली. तो आलाच नाही, गोवा 2-1 हरलं, पण ब्रायसन फर्नांडिसचा गोल यूट्यूबवर बघच.