ब्रिटन, जर्मनी, थायलंड अशा देशांत उपचारांचा खर्च नेमका कोण भागवतो? भारताला यांपैकी कोणती पद्धत जमेल?

आपण विचारले आहे की, परदेशांत उपचार मोफत मिळतात असे ऐकू येते, तर मग तिथे डॉक्टरांचे आणि रुग्णालयांचे पैसे कोण देते आणि आपल्याकडे तसे का होत नाही. मी मूळचा पुण्याचा असून नोकरीनिमित्त बरीच वर्षे जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. त्यामुळे जर्मनीविषयी अनुभवाने लिहितो आणि इतर देशांविषयी आवडीने वाचत आलो आहे, त्या आधारावर लिहितो.

उपचार फुकट कुठेच नसतात. पैसा शेवटी लोकांचाच असतो. तो करातून घ्यायचा, पगारातून वर्गणी म्हणून कापायचा, खासगी विम्याच्या हप्त्यातून उभा करायचा की आजारी माणसाकडून थेट बिलाच्या खिडकीवर वसूल करायचा, हे ज्या त्या देशाने आपापल्या इतिहासाप्रमाणे ठरवले आहे. बहुतेक देशांत या चारही वाटा थोड्याफार प्रमाणात असतातच. कोणत्याही देशाची व्यवस्था जोखताना मी दोन गोष्टी पाहतो. पैसे माणूस आजारी पडण्याआधी गोळा होतात की नंतर, आणि जो पैसे देतो त्याला उपचारांचे दर ठरवण्याची ताकद आहे की नाही.

जर्मनीत ही वसुली पगाराच्या चिठ्ठीवरच दिसते. एखाद्याचा महिन्याचा एकूण पगार ४,००० युरो आहे असे धरू. २०२५ साली आरोग्य विम्याची वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के आणि त्यावर सरासरी २.५ टक्के अतिरिक्त, म्हणजे एकूण १७.१ टक्के होती. त्याचे ६८४ युरो होतात. त्यांतले ३४२ कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात आणि उरलेले ३४२ मालक भरतो. पगार वाढला की वर्गणी एका मर्यादेपर्यंत वाढते. मात्र वय, मधुमेह, पूर्वीचे आजार यांमुळे ती एका सेंटनेही वाढत नाही. न कमावता जोडीदार आणि मुले यांचा विमा त्याच वर्गणीत, वेगळे पैसे न भरता होतो. पुण्यात आईवडिलांच्या पॉलिसीचा हप्ता त्यांच्या वयाबरोबर कसा चढत जातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला या एका नियमाचे मोल लगेच कळेल.

ही वर्गणी ज्या संस्थांकडे जाते त्यांना क्रांकेनकासे म्हणतात. त्या सरकारी खाती नाहीत आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्याही नाहीत. बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगारांसाठी हा कायदा झाला; समाजवाद्यांकडे झुकणाऱ्या कामगारवर्गाला राज्यसत्तेशी बांधून ठेवणे हा त्यामागचा उघड राजकीय हेतू होता. आज अशा शंभराच्या आसपास संस्था आहेत आणि देशातील दहापैकी सुमारे नऊ माणसे त्यांच्याकडे विमा घेतात. अर्ज करणाऱ्याला त्याच्या आजाराकडे बोट दाखवून नाकारण्याची मुभा त्यांना नाही. मग ज्या संस्थेकडे म्हातारे आणि आजारी सभासद जास्त, ती बुडायला हवी. तसे होऊ नये म्हणून २००९ पासून वर्गणी एका मध्यवर्ती निधीत जमा होते आणि तिथून सभासदांचे वय, लिंग आणि आजार पाहून प्रत्येक संस्थेला वाटा मिळतो. मला स्वतःला या व्यवस्थेतला हा सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो, कारण आजारी माणूस सभासद झाला तर संस्थेचे नुकसान होत नाही.

माझे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले तेव्हा रुग्णालयाने विम्याचे कार्ड मागितले आणि पुढची तयारी सुरू केली. अनामत रक्कम भरा, विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत थांबा, असे कोणी म्हटले नाही. घरी आल्यावर काही दिवसांनी पत्राने बिल आले ते दिवसाला १० युरो या ठरलेल्या दराने. हा आकारही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचाच घेता येतो. औषधांवर साधारण ५ ते १० युरो स्वतः द्यावे लागतात, आणि असे सगळे मिळून कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांपलीकडे गेले, जुनाट आजार असेल तर १ टक्क्यापलीकडे गेले, की पुढचे माफ होते. उणिवाही आहेत. जास्त पगाराच्या लोकांना या व्यवस्थेतून बाहेर पडून खासगी विमा घेता येतो आणि खासगी रुग्णाला विशेषज्ञाची वेळ लवकर मिळते, ही इथली जुनी तक्रार आहे. लोकसंख्या म्हातारी होत चालल्याने वर्गणीही चढते आहे.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. ५ जुलै १९४८ रोजी तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तिचा खर्च मुख्यतः सर्वसाधारण करांतून होतो. विम्याची पॉलिसी नाही, वर्गणीची संस्था नाही. ही सेवा उभी करणारे मंत्री अन्यरिन बेव्हन यांनी, दातांच्या कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचे ठरल्यावर, १९५१ मध्ये राजीनामा दिला होता. करावर चालणाऱ्या व्यवस्थेचे दुखणे असे की अर्थसंकल्पाने हात आखडला की रांग लांबते. इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांसाठीची प्रतीक्षा यादी अलीकडच्या वर्षांत ७० लाख नोंदींच्या पुढे गेली आहे. कॅनडातही डॉक्टर आणि रुग्णालयाचा खर्च प्रांताचे सरकार देते, मात्र रुग्णालयाबाहेरची औषधे आणि दात यांचा समावेश मूळ कायद्यात नाही. त्यासाठी बहुतेकांना मालकाकडून मिळणाऱ्या विम्यावर विसंबावे लागते.

दर ठरवण्याच्या ताकदीचे उत्तम उदाहरण जपानचे आहे. तिथे १९६१ पासून प्रत्येकाला विमा आहे, विमा देणाऱ्या संस्था अनेक आहेत, पण दरपत्रक देशभर एकच असते आणि सरकार साधारणपणे दर दोन वर्षांनी ते सुधारते. दवाखाना खासगी असला तरी विम्यातल्या उपचारासाठी त्याला मनाला येईल तो आकडा लावता येत नाही. बहुतेक प्रौढ रुग्ण बिलाच्या ३० टक्के स्वतः भरतात आणि महिन्याला उत्पन्नानुसार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलेली रक्कम विमा उचलतो.

अमेरिकेचे चित्र याच्या उलट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पगारवाढीवर सरकारी निर्बंध आले, तेव्हा मालकांनी माणसे टिकवण्यासाठी आरोग्य विमा देऊ केला, त्यावर करसवलत मिळाली आणि विमा नोकरीला जो चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही. वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड १९६५ मध्ये आले, २०१० च्या कायद्याने आणखी कोट्यवधी लोकांना विमा मिळाला, तरीही अडीच कोटींहून अधिक लोक विम्याशिवाय आहेत. देशाच्या उत्पन्नाचा १७ टक्क्यांच्या आसपास हिस्सा आरोग्यावर खर्च करूनही ही स्थिती आहे, कारण तिथे पैसे देणारे अनेक आहेत आणि दर ज्याचे त्याच्याशी वेगळे ठरतात.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. जर्मनीची पद्धत भारताला जशीच्या तशी लागू होणार नाही, कारण ती पगाराच्या चिठ्ठीवर उभी आहे आणि आपल्याकडच्या बहुसंख्य कष्टकऱ्यांना अशी चिठ्ठी मिळतच नाही. तिचे भावंड आपल्याकडे १९४८ च्या कायद्यापासून आहे: कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय. २०१९ पासून तिच्यात कर्मचारी ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो, आणि २१,००० रुपये ही पगाराची मर्यादा ठेवलेली असल्याने तिचा आवाका तेवढाच राहिला. शेतमजूर, घरकाम करणारी बाई, रिक्षावाला यांची वर्गणी कापणार कोण?

म्हणून मला आपल्यासाठी थायलंड जास्त महत्त्वाचा वाटतो. नोकरदारांच्या योजनांबाहेर राहिलेल्या सगळ्यांसाठी तिथे २००१-०२ मध्ये करांच्या पैशांतून योजना सुरू झाली आणि रुग्णाकडून एका भेटीचे ३० बाथ घेण्याचे ठरले. थायलंड तेव्हा श्रीमंत देश नव्हता. तिथल्या सरकारने दोन कामे केली होती: आधीच्या दशकांत जिल्ह्या-तालुक्यांत रुग्णालये बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सेवा करणे बंधनकारक केले होते. योजना आली तेव्हा कार्ड घेऊन जायला जागा होती. आपल्या भागातील केंद्रात नोंदणी झालेल्या माणसांच्या संख्येप्रमाणे बाह्यरुग्ण सेवेचे ठरावीक पैसे त्या केंद्राला मिळतात, त्यामुळे तपासण्यांची यादी लांबवून बिल फुगवण्यात त्याला काहीच लाभ नसतो.

आपल्याकडे २०१८ पासून आयुष्मान भारत आहे, महाराष्ट्रात तिच्याशी जोडलेली महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. अँजिओप्लास्टी किंवा कर्करोगाच्या उपचारांसाठी ज्यांना घर गहाण ठेवावे लागले असते त्यांना याचा फार मोठा आधार झाला आहे. पण या योजनांचा भर दाखल होऊन घेण्याच्या उपचारांवर आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, मुलाचा ताप, रक्ताची तपासणी हे सगळे खिशातूनच जाते, आणि २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चातील ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून दिली होती. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे सुधारणा निश्चित आहे. तरी केंद्र आणि राज्ये मिळून सरकारी खर्च २०२१-२२ मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्केच होता, तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. वाढीव पैसा आला तर तो मी सर्वांत आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरण्यावर आणि तिथल्या औषधांच्या साठ्यावर खर्च करीन, विमा संरक्षणाचा आकडा आणखी वाढवण्यावर नाही.