‘सोडेलच’मधला ‘च’

“मुलगा चौतीस वर्षांचा आहे. पितो. आम्ही थकलो. आता आशा ठेवायची की सोडायची, तेवढं सांगा.”

समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आठवड्यातून निदान दोनदा येतो. कधी दारूऐवजी गांजा असतो, कधी ऑनलाइन जुगाराचं कर्ज, पण शेवटचं वाक्य तेच. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. वडील शेजारच्या खुर्चीत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलेले. पोर दहा वर्षांचं असतं तर कान धरून आणलं असतं. बाप्या माणसाला कसं आणणार?

पुढची हकिकत एका घरची नाही. चार-पाच घरांतलं एकत्र करून, ओळख पुसून लिहिली आहे.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वडील पाटबंधारे खात्यात होते. मुलाची चाकणची नोकरी दोन वर्षांपूर्वी सुटली, सून नातीला घेऊन माहेरी गेली आणि हा आईवडिलांकडे परतला. रोज संध्याकाळी पिणं. अधूनमधून “आजपासून बंद,” अशी शपथ.

“काकू, तुम्ही आशा ठेवता म्हणजे नेमकं काय करता?”

“काय करणार? या वेळी तो सोडेलच, असं मनाला सांगते.”

“आणि पिऊन आला की?”

“मग त्या रात्री घरात कुणी जेवत नाही. केलेलं तसंच झाकून राहतं.”

वडील पहिल्यांदाच बोलले. “मी तर त्याच्या नावावर कधीच पाणी सोडलंय. तो सुधारणारच नाही.”

“काका, मग तुम्ही का जेवत नाही?”

ते पुन्हा कॅलेंडरकडे बघायला लागले.

आई आशावादी आणि वडील निराशावादी, असं घरातले सगळे समजत होते. पण दोघांच्या वाक्यात एकच अक्षर बसलेलं होतं: ‘सोडेलच’, ‘सुधारणारच नाही’. तो ‘च’. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५पासून समुपदेशनाची जी विवेकनिष्ठ पद्धत मांडली, तिचा सगळा भर माणसाच्या अशा हट्टी मागण्यांवर आहे. त्यांना मराठी येत असती तर अर्धं काम त्यांनी या एका अक्षरावर भागवलं असतं. ‘त्याने सोडावी अशी माझी फार इच्छा आहे’ हे वाक्य दहा वर्षं टिकतं. ‘सोडेलच’ हे पहिल्या क्वार्टरलाच फुटतं, आणि फुटलं की आईला वाटतं, आशाच संपली. खरं तर फुटलेलं असतं ते भाकीत.

हे समजावून सांगून त्यांना पटलं होतं, असं मात्र नाही. मान डोलावून गेल्या, आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. पटलं ते वहीमुळे.

काकूंना रोजचा हिशेब लिहायची सवय. मुलाला किती पैसे देता, या प्रश्नाला “असेच, किरकोळ,” एवढंच उत्तर यायचं. म्हणून वहीच आणायला सांगितली. लांबट, लाल कापडी बांधणीची वही. दूध, गॅस, काकांच्या बीपीच्या गोळ्या, आणि मधूनमधून खरोखरच ‘किरकोळ’ या नावाने २००, ३००, कधी ५००. तीन महिन्यांच्या नोंदी त्यांनी स्वतः पेन्सिलीने मोजल्या. ४१ वेळा दिलेले, बेरीज ११,९००. रडू येईल असं वाटलं होतं, पण त्या शिक्षिकेसारख्या पुन्हा पहिल्या पानावर गेल्या. कारण वहीत आणखी एक नोंद होती, नऊ वेळा: ‘मागितले, दिले नाहीत.’

“या नऊ दिवशी काय झालं?”

एकेक तारीख आठवत गेल्या. पाच वेळा आरडाओरडा. दोनदा दार आपटून गेला आणि उधारीवर पिऊन आला. दोनदा नुसता झोपला.

मग बराच वेळ त्या वहीवर हात ठेवून बसल्या. म्हणाल्या, “म्हणजे मी दिले तेव्हाही तो प्यायला, आणि दिले नाहीत तेव्हाही आभाळ कोसळलं नाही. मग मी घाबरत कशाला होते?”

असे क्षण खुर्चीच्या या बाजूला बसून घडवता येत नाहीत, फक्त वही आणायला सांगता येते. त्या दिवशी त्यांना एक हिशेब कळला: त्याचं पिणं आपल्या हातात नाही, आपलं देणं आहे. व्यसनी माणसांच्या नातेवाइकांसाठी १९५१पासून चालणाऱ्या अल-अनॉन गटांत हेच सांगतात, की हे मी घडवलेलं नाही, मी ते आवरू शकत नाही आणि मी ते बरंही करू शकत नाही. पण दुसऱ्याने सांगितलेलं आणि स्वतःच्या अक्षरातलं यात फरक पडतो. तिथून पुढे आशा कुठे गुंतवायची हे ठरवणं सोपं गेलं: जे हातात आहे तिथे.

हातात काय काय होतं?

रोख पैसे बंद. मोबाइलचं रिचार्ज आणि दवाखान्याचं बिल आई परस्पर भरेल, पण बारची उधारी फेडणार नाही, आणि उद्या नवं काम मिळून तिथे दांडी पडली तर ‘त्याला ताप आहे’ असा फोनही करणार नाही. हे त्याला आधी सांगायचं, शांतपणे, एकदाच. पहिले दोन-तीन आठवडे आरडाओरडा वाढतो, तो धरूनच चालावं. इथे बहुतेक घरं चुकतात: सहा दिवस नाही म्हणतात आणि सातव्या दिवशी कंटाळून देतात. त्यातून मुलगा एवढंच शिकतो की सात दिवस ओरडावं लागतं.

बोलायची वेळ बदलली. रात्री अकराला दारात उभं राहून दिलेलं व्याख्यान त्याला सकाळी आठवतही नसतं. सकाळी चहाच्या वेळी, तो शुद्धीत असताना, दोन वाक्यं: “काल जिन्यात पडलास, मला भीती वाटली. डॉक्टरांकडे जायचं ठरवलंस तर मी सोबत येईन.” बस. ‘बापाच्या पेन्शनवर’ वगैरे पुढचं वाक्य गिळायचं, ते अवघड असतं. ज्या संध्याकाळी तो न पिता घरी असेल, त्या संध्याकाळी गरम भाकरी आणि दोन शब्द. प्यायला असेल तर ताट झाकून आपण आपलं जेवून झोपायचं. मात्र नुसता प्यायलेला नसून हलवूनही जागा होत नसेल, श्वास घरघरत किंवा अडखळत असेल, तर कुशीवर वळवून लगेच १०८ला फोन.

त्यातच ते वाक्य आलं, “आजपासून बंद.” घरात पेढे आणायची वेळ हीच आणि धोक्याची वेळही हीच. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस आपली माणसं ओळखत नाही. यात जीव जाऊ शकतो. म्हणून त्याला खोलीत कोंडून ‘उतरवणं’ नको. आधी डॉक्टर, आणि त्यांना रोज किती पितो याचा खरा आकडा सांगायचा, लाजून निम्मा नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावणार असतील तर दारूचं आवर्जून सांगा. अशा रुग्णाला ‘बी-१’ जीवनसत्त्व आधी द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होण्याची भीती असते.

‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ ही एसटी स्टँडवरची जाहिरात काकांनीही जपून ठेवली होती. भाजीत कालवायच्या अशा पुडीत काय असतं, ते विकणाराच जाणे. दारू नकोशी करणारं डायसल्फिरामसारखं औषध त्यात असेल आणि नकळत पोटात गेल्यावर माणूस प्यायला, तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हे औषध डॉक्टर देतात तेही रुग्णाला सांगून, तपासण्या करून. काकांनी कागद तिथेच फाडला. त्यांची त्या खोलीतली सर्वांत मोठी कृती ती.

दोन गोष्टींत मात्र ‘शांत राहा’ हा सल्ला लागू नाही. “मी जीव देईन,” असं तो म्हणाला तर पैसे काढायची युक्ती समजून सोडून देऊ नये. सरळ विचारावं, “जीव द्यायचा विचार येतोय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. शेतावरचं फवारणीचं औषध आणि गोळ्यांचा साठा कुलपात जावा, त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य चालतो, मराठीतही. आणि तो अंगावर धावून आला तर बाहेर पडून ११२. आईवर हात उचलणाऱ्याला पोलिस बोलावले म्हणून आई निर्दय होत नाही.

चौथ्या महिन्यात मुलगा स्वतः म्हणाला, “जाऊ या.” व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस. पुण्यात १९८६पासून चालणाऱ्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रामुळे ‘पस्तीस दिवस’ हे शब्द घराघरांत माहीत झालेत, पण त्यामुळे एक गैरसमजही पसरला, की पस्तिसाव्या दिवशी माणूस दुरुस्त होऊन मिळतो. खरं निसरडं त्यानंतरचे तीन महिने असतं: गटाच्या सभा, फेरतपासणी, रिकामी संध्याकाळ, जुना मित्र, पहिला पगार. पुन्हा प्यायला तर त्याला ‘स्लिप’ म्हणतात. त्या दिवशी वहीत दोनच ओळी लिहायच्या. किती दिवस कोरडा राहिला होता, आणि किती दिवसांत परत उपचाराला गेला. मधली शिवीगाळ लिहायची नाही.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला, रात्री साडेनऊला.

“मॅडम, अकरा आठवड्यांनी आज प्यायला. सकाळी सेंटरला फोन लावायला सांगणार आहे त्याला.”

“आणि तुम्ही?”

“आमची जेवणं झाली. ह्यांनी आज दोनदा आमटी घेतली. भांडी आवरून मगच फोन केला.”