थिन-फिल्म सोलर सेलची एफिशियन्सी सरफेस ट्रीटमेंटने खरंच वाढते का?

वाढते भाऊ, आणि चांगलीच वाढते. तुम्ही लिहिलंय की एमएस्सी प्रोजेक्टला कॅडमियम टेल्युराइडची सेल बनवली, फिल्म दिसायला एकदम झकास, पण एफिशियन्सी २ टक्क्यांच्या वर सरकतच नाही, तर आता फिल्म अजून जाड करू का सरफेसला काही करू. जाड अजिबात करू नका. या मटेरियलचा बँडगॅप (उजेड शोषायला लागणारी किमान ऊर्जा) १.४५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, एक-दोन मायक्रॉनमध्येच बहुतेक कामाचा उजेड शोषला जातो. चार्ज तयार होतोय, पण बाहेर यायच्या आधी ग्रेन बाउंड्रीवर (फिल्ममधल्या बारीक स्फटिकांच्या सीमेवर) आणि इंटरफेसवर (दोन थर जुळतात तिथे) रिकॉम्बाइन होऊन, म्हणजे आपसातच जुळून संपतोय. केळीला पाणी सोडलं अन् पाटच जागोजागी फुटलेला, तर मोटार मोठी घेऊन काय फायदा?

पहिली ट्रीटमेंट कॅडमियम क्लोराइडचीच. मी जळगावला विद्यापीठात होतो तेव्हा आम्ही मिथेनॉलमध्ये सोल्युशन करून फिल्मवर टाकायचो, वाळलं की साधारण ४०० अंशाला हवेतच वीसेक मिनिटं तापवणं, म्हणजे अ‍ॅनिल. त्याने बारीक ग्रेन मोठे होतात, क्लोरीन बाउंड्रीत जाऊन बसतो, अन् खालच्या कॅडमियम सल्फाइडशी थोडं मिक्सिंग होऊन जंक्शन (चार्ज वेगळा करणारा दोन थरांचा सांधा) सुधारतं. ही स्टेप गाळली तर बाकी कितीही मेहनत घ्या, सेल मरतुकडीच राहते. पण जास्त तापवलं की फिल्म काचेवरून पापुद्र्यासारखी सुटते, म्हणून आधी टाकाऊ सॅम्पलवर टाइम बसवा. नंतर वर पांढरट खार राहतो तो नीट धुवा, आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, कॅडमियम क्लोराइड पाण्यात विरघळतं आणि विषारी आहे, फ्यूम हूड अन् ग्लोव्ह्जशिवाय हातच लावायचा नाही. २०१४ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या लोकांनी मॅग्नेशियम क्लोराइडनेही काम होतं हे दाखवलंय, ते स्वस्त आणि निरुपद्रवी, गाइड सरांना विचारून बघा.

आता बॅक कॉन्टॅक्ट, म्हणजे सेलच्या मागचा धातूचा थर, इथे बरेच जण फसतात. पी-टाइप कॅडमियम टेल्युराइडवर डायरेक्ट सोनं लावलं तरी चार्जला अडवणारा बॅरियर उभा राहतो. आय-व्ही (करंट-व्होल्टेज) ग्राफ फॉरवर्डला वर जाता जाता वाकून आडवा झाला, म्हणजे रोल-ओव्हर दिसला, तर समजा दुखणं मागच्या बाजूला आहे. त्यासाठी नायट्रिक-फॉस्फोरिक अॅसिडमध्ये बुडवून एचिंग (वरचा पापुद्रा अॅसिडने खाऊ द्यायचा), म्हणजे वर टेल्युरियम जास्त असलेला थर उरतो. सॅम्पलवर बुडबुडे येऊन करडी झाक आली की लगेच काढायचं, जास्त ठेवलं तर अ‍ॅसिड ग्रेन बाउंड्रीतून आत घुसून शंट करतं, म्हणजे सेल आतल्या आत शॉर्ट होते. मग अगदी नावापुरतं कॉपर अन् वर सोनं. कॉपर जास्त झालं तर ते हळूहळू जंक्शनपर्यंत पोचतं आणि सेल काही दिवसांत पडते.

सीआयजीएसवाल्यांचंही (कॉपर-इंडियम-गॅलियम-सेलेनाइडची सेल बनवणाऱ्यांचंही) असंच आहे, तिथे पोटॅशियम फ्लोराइड देतात. स्वित्झर्लंडच्या एम्पा या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये प्लॅस्टिकवरच्या सेलला २०.४ टक्के काढले, त्यात या ट्रीटमेंटचा मोठा हात होता. तुमच्या मटेरियलमध्ये फर्स्ट सोलर कंपनीने २०१६ लाच २२.१ टक्के गाठलंय, म्हणजे जागा भरपूर आहे.

अन् एक, मेजरमेंट गच्चीवर उन्हात करू नका. स्टँडर्ड टेस्ट २५ अंशाची, आपल्या धुळ्या-भुसावळच्या मे महिन्यात सेल ६० च्या वर जाते, व्होल्टेज तिथेच खाली येतं आणि तुम्ही उगाच ट्रीटमेंटला शिव्या घालाल. एकाच सॅम्पलची ट्रीटमेंटच्या आधीची आणि नंतरची रीडिंग सिम्युलेटरखाली (कृत्रिम सूर्यप्रकाशात) घ्या, ओपन सर्किट व्होल्टेज (लोड नसतानाचं) अन् फिल फॅक्टर (आय-व्ही ग्राफ किती चौकोनी आहे त्याचं माप) दोन्ही इथे टाका, मग पुढचं बोलू.