वाचकांचे प्रश्न : बिले जुळवण्यात गेलेली सुट्टी

प्रश्न : मी नाशिकमध्ये बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळी सुट्टीत एका कर सल्लागारांच्या कार्यालयात सहा आठवडे इंटर्नशिप केली. पण सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांची खरेदीची बिले जीएसटी पोर्टलवरील नोंदींशी जुळवण्यापलीकडे काही केले नाही. एका बिलाच्या क्रमांकात शून्याऐवजी ‘ओ’ हे इंग्रजी अक्षर पडले होते, ते शोधण्यात अख्खी दुपार गेली. यातून मी काय शिकले?

उत्तर : ती दुपार वाया गेली, असे मला मुळीच वाटत नाही. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवले नसेल, तर १ जानेवारी २०२२ पासून खरेदीदाराला त्यावर दिलेला कर स्वतःच्या देय करातून वजा करता येत नाही. म्हणजे एक लाखाच्या मालावर १८ टक्के दराने दिलेले १८,००० रुपये अडकून पडतात, आणि लहान कारखानदाराला ही रक्कम कामगारांच्या पगाराच्या दिवशी जाणवते. क्रमांक जुळला नाही, तर बिल दाखवलेच नाही असे वाटू शकते; म्हणून तुम्ही शोधलेल्या त्या एका अक्षरामागे असे पैसे होते. खंत एकाच गोष्टीची वाटते, की हे तुम्हाला तिथे कोणी सांगितले नाही. मासिक विवरणपत्र पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरतात. पुढच्या वेळी ते भरले जात असताना शेजारी बसू देण्याची विनंती स्वतःहून करा.