छोट्या प्रकाशकाकडे प्रस्ताव पाठवताना: वाचकांचे प्रश्न

एका छोट्या प्रकाशन संस्थेत संपादनाचं काम करताना माझ्या टेबलावर दर आठवड्याला पुस्तकांचे प्रस्ताव येतात. त्यातले बरेच परत जातात. लेखन वाईट असतं म्हणून परत गेलेले त्यात थोडेच. बहुतेक वेळा पत्र दोनदा वाचूनही आम्ही नेमकं काय छापायचं आहे हे समजत नाही. प्रस्तावाबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

पुस्तक पूर्ण लिहून मग पाठवावं की आधी प्रस्ताव पाठवावा? माझी दोन प्रकरणं लिहून झाली आहेत.

कादंबरी असेल तर पूर्ण लिहा. कादंबरीचा शेवट जमला आहे की नाही, हे तो वाचल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. कथा-कवितासंग्रहांचंही तेच. माहितीपर किंवा अनुभवपर लेखन, चरित्र, प्रवासवर्णन यांसाठी मात्र प्रस्ताव आधी पाठवणं बरं. आराखडा कच्चा असताना संपादकाला 'हे प्रकरण तिसरं नको, पहिलं घ्या' असं सांगता येतं. चारशे पानं लिहून बसलेल्या लेखकाला ते सांगणं अवघड, आणि त्याने ते ऐकणं त्याहून अवघड.

दोन प्रकरणं मात्र कमी आहेत. तीन तरी असू द्या, आणि त्यातलं एक पुस्तकाच्या मधलं असू द्या. पहिलं प्रकरण लेखकाने वर्षभर घासूनपुसून लखलखीत केलेलं असतं. एकदा असंच एक पहिलं प्रकरण वाचून मी हरखले आणि होकार कळवून मोकळी झाले. पुढच्या दीड वर्षात आली ती नुसती टिपणं. ते पुस्तक काही निघालं नाही. वर्षाला आठ-दहा पुस्तकं काढणाऱ्या संस्थेत एक पुस्तक गळालं तर त्याची जागा भरायला दुसरं हाताशी नसतं. तेव्हापासून मी मधलं प्रकरण मागते.

मी परिचारिका आहे. अतिदक्षता विभागातल्या रात्रपाळीच्या अनुभवांवर पुस्तक लिहिते आहे. प्रस्तावाची सुरुवात अशी केली आहे: 'माझे हे पुस्तक म्हणजे अनुभवांचा अथांग सागर असून ते प्रत्येक वाचकाच्या काळजाला भिडेल. सर्व वयोगटांतील वाचकांना ते मार्गदर्शक ठरेल.' हे ठीक आहे का?

ताई, स्पष्ट सांगते, हा परिच्छेद कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येईल. पुस्तक भिडेल की नाही हे वाचणाऱ्याला ठरवू द्या. तुमच्या पत्रात पुढे पाचव्या पानावर एक वाक्य आहे: मॉनिटरचे आवाज रात्रभर चालू असतात आणि त्यातल्या कुठल्या आवाजाला धावायचं हे शिकायला तुम्हाला दोन वर्षं लागली. ते वाक्य वाचून मी थांबले. सुरुवात तिथून करा.

मी असं काहीसं लिहिलं असतं: 'अतिदक्षता विभागात रात्रभर कुठलं ना कुठलं यंत्र वाजत असतं. बहुतेक आवाजांना धावावं लागत नाही, एखाद्याला मात्र लगेच धावावं लागतं. हा फरक ओळखायला मला दोन वर्षं लागली. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना दाराआडचं जे दिसत नाही, त्याबद्दल हे पुस्तक आहे. एकूण १४ प्रकरणं, अंदाजे ४५,००० शब्द. नऊ प्रकरणं लिहून तयार आहेत, उरलेली सहा महिन्यांत देईन.'

बघा, यात कौतुकाचं एकही विशेषण नाही. विषय, दृष्टिकोन, आकार आणि मुदत मात्र आली. छोट्या संस्थेत प्रस्ताव वाचणारा, हिशेब ठेवणारा आणि प्रसंगी पार्सलं बांधणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो. त्याला अर्ध्या पानात पुस्तक डोळ्यांसमोर उभं राहायला हवं.

त्यानंतर एक पान तुमच्याविषयी. पुरस्कारांची यादी नको. हे पुस्तक लिहायला तुम्हीच का, एवढंच सांगा. तुमच्या बाबतीत नोकरीची वर्षं आणि विभाग पुरेसा आहे, लहानपणापासून वाचनाची आवड होती हे गाळा. मग प्रकरणांचा आराखडा. नुसती शीर्षकं देऊ नका. 'पहाटेची वेळ' या शीर्षकावरून मला काय कळणार? प्रत्येक प्रकरणात काय घडतं ते तीन-चार ओळींत लिहा. त्यामागे नमुना प्रकरणं जोडली की झालं. प्रकरणं सोडून सगळं मिळून आठ-दहा पानांच्या आत बसवा.

'सर्व वयोगटांतील वाचक' हा वाचक दुकानात कधी येत नाही. तुमचे वाचक मला दोन दिसतात: नर्सिंगचे विद्यार्थी, आणि ज्यांच्या घरातलं माणूस नुकतंच अतिदक्षता विभागात राहून आलं आहे असे लोक. त्यांच्यापर्यंत पोचायला तुम्ही स्वतः काय करू शकता तेही लिहा. एखाद्या नर्सिंग कॉलेजात व्याख्यानाला तुम्हाला बोलावतात, हे समाजमाध्यमांवरच्या हजारो फॉलोअरांपेक्षा मला जास्त उपयोगी वाटतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण प्रकाशक विचारेल. तुमच्या पुस्तकात रुग्ण आहेत. नाव बदललं म्हणजे काम भागलं असं नाही. वय, आजार, व्यवसाय आणि तारीख एकत्र आली की ओळखीचे लोक माणूस बरोबर ओळखतात. कुणाची लेखी संमती घेतली आहे, कुठे तपशील बदलले आहेत, हे दोन ओळींत प्रस्तावातच सांगून टाका. ते वाचून प्रकाशकाचा जीव भांड्यात पडेल.

या विषयावर पुस्तकच नाही, हे सांगणं फायद्याचं ना?

तोट्याचं. एकतर ते बहुधा खरं नसतं, आणि पाच मिनिटं शोधलं की प्रकाशकाला कळतं. दुसरं म्हणजे ते खरं असेल, तर या विषयाला वाचकच नसेल का, अशी शंका मनात येते. गेल्या पाचेक वर्षांतली जवळची तीन पुस्तकं शोधा, वाचा, आणि तुमचं पुस्तक त्यांच्यापेक्षा कुठे वेगळं आहे ते प्रत्येकी दोन वाक्यांत सांगा. त्यांना नावं ठेवू नका. ती पुस्तकं काढणारा प्रकाशक कदाचित तुमचं पत्र वाचणाऱ्याचा मित्र असेल, किंवा तोच असेल.

याच कामात प्रकाशकाची पुस्तकसूचीही नीट बघून घ्या. फक्त बालसाहित्य काढणाऱ्याकडे शेअर बाजारावरचं पुस्तक पाठवणारे लोक खरंच आहेत.

माझ्या पक्ष्यांवरच्या पुस्तकात १४० रंगीत छायाचित्रं आहेत. प्रस्तावासोबत सगळी पाठवू का?

दहा पाठवा, तीही लहान आकारात. पण १४० हा आकडा पहिल्याच पानावर लिहा, कारण खर्चाचं गणित तिथेच बदलतं.

हे गणित थोडं समजून घ्या. पुस्तक पानापानाने छापलं जात नाही. मोठ्या कागदावर एकदम बरीच पानं छापून घड्या घालतात, त्याला फॉर्म म्हणतात, आणि तो बहुधा १६ पानांचा असतो. डेमी आकारात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पुस्तकात, एका पानावर साधारण ३०० शब्द धरले, तर ५०,००० शब्दांची १६७ पानं होतात. शीर्षकपान, अनुक्रमणिका, मनोगत धरून १७६ पानं झाली, तर नेमके ११ फॉर्म. तीच १८० झाली तर चार पानांसाठी बारावा फॉर्म उघडावा लागतो. तो अर्धा किंवा पाव छापता येतो, पण प्रकाशक आधी तुम्हाला दोन परिच्छेद कापता येतील का असं विचारेल. म्हणून प्रस्तावात पानसंख्येऐवजी शब्दसंख्या द्या. तुमच्या संगणकावरच्या पानांवरून छापील पानांचा अंदाज येत नाही.

रंगीत छपाईला चार रंगांच्या चार प्लेट, म्हणजे छपाईचे पत्रे, लागतात, काळ्या-पांढऱ्याला एक. १४० चित्रं पुस्तकभर विखुरली तर प्रत्येक फॉर्म चार रंगांत जातो. त्यातली ३२ निवडून मध्ये आर्ट पेपरचे, म्हणजे गुळगुळीत कागदाचे, दोन फॉर्म रंगीत घातले आणि बाकी मजकूर एका रंगात ठेवला, तर तेच पुस्तक छोट्या प्रकाशकाच्या आवाक्यात येतं. असा पर्याय तुम्हीच सुचवलात तर तुम्हाला छपाईतलं कळतं, अशी नोंद तिथेच होते.

चित्रांचा दर्जाही तपासा. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे ४ इंच रुंद चित्राला १२०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोचे पिक्सेल कमी झालेले असू शकतात. आणि १४० पैकी किती छायाचित्रं तुम्ही स्वतः काढली आहेत? इतरांची असतील तर परवानगी कुणाकडून मिळाली, कुणाकडून बाकी आहे, याचा तक्ता जोडा. इंटरनेटवर सापडलं म्हणजे फुकट मिळालं, असं नसतं.

एखाद्या मान्यवरांची प्रस्तावना आधीच घेऊन ठेवू का?

नको. पुस्तक बदलेल आणि प्रस्तावना जुन्या पुस्तकाची राहील. मग ती परत लिहून मागण्याची वेळ प्रकाशकावर येते. मी यातून गेले आहे.

प्रस्ताव पाठवल्यावर कल्पना चोरली गेली तर? आधी गोपनीयतेचा करार करून घेऊ का?

करार मागू नका, पत्र न वाचताच परत येईल. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या १९९४च्या आंतरराष्ट्रीय करारातही तसं स्पष्ट लिहिलं आहे. 'रात्रपाळीवर पुस्तक' ही कल्पना कुणाचीच नाही, पण तुमची वाक्यं लिहिली गेली त्या क्षणापासून तुमची आहेत. बर्न या कॉपीराइटवरच्या १८८६च्या आंतरराष्ट्रीय करारात सामील असलेल्या देशांत या हक्कासाठी नोंदणीची अट नाही. पाठवलेल्या ईमेलची तारीख जपून ठेवा, मसुद्यांच्या जुन्या प्रती पुसू नका. माझ्या टेबलावर न चोरलेल्या कल्पनांचाच ढीग एवढा आहे की दुसऱ्याचं पुस्तक स्वतः लिहायला घेणारा प्रकाशक मला अजून भेटायचा आहे.

एकाच वेळी पाच प्रकाशकांना पाठवलं तर चालेल का? आणि उत्तर आलंच नाही तर?

चालेल, फक्त पत्रात तसं सांगा. पाचही नावं एकाच ईमेलच्या पत्त्यात टाकू नका. एखाद्याने फक्त आम्हालाच पाठवा अशी अट घातली असेल, तर ती पाळा आणि उत्तर किती दिवसांत मिळेल ते विचारून घ्या. मुदत सांगितली नसेल तर तीन महिन्यांनी दोन ओळींचं स्मरणपत्र पाठवा. फोन नको. फोनवर विचारलं की घाईत नाही म्हटलं जातं. एकाने होकार दिला तर बाकीच्या चौघांना त्याच दिवशी कळवा.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडतो. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पुस्तकाचं नाव असू द्या. 'फायनल नवीन २' नावाच्या फाइली माझ्याकडे डझनभर आहेत.

प्रस्ताव आवडला, पण ३०० प्रती मी आधीच विकत घ्याव्यात अशी अट आहे. हे योग्य आहे का?

तो स्वतःच्या पैशाने छापण्याचाच प्रकार झाला. त्यात गैर काही नाही, पण मग तो तसा आहे हे दोघांनी मान्य करावं आणि हिशेब त्याप्रमाणे व्हावा. विचारा: आवृत्ती एकूण किती प्रतींची? ती ३०० चीच असेल, तर जोखीम पूर्ण तुमची आहे. मग संपादन, मुद्रितशोधन आणि वितरण यातलं प्रकाशक नक्की काय करणार, हे लेखी घ्या. व्याख्यानांत विकण्यासाठी ५० प्रती लेखक-सवलतीत घ्या असं कुणी म्हटलं, तर ती वेगळी गोष्ट आहे.

करारपत्र आलं की मानधनाच्या ओळीवर बोट ठेवा. १० टक्के छापील किमतीवर की प्रत्यक्ष जमा रकमेवर? वितरकाला ४० टक्के सूट दिली जात असेल, तर जमा रकमेवरचे १० टक्के म्हणजे छापील किमतीचे ६ टक्के. छोट्या प्रकाशकाला दुसरी पद्धत परवडते आणि ती फसवणूक नाही, फक्त सही करताना तुम्हाला माहीत असावं. अनुवाद, ई-बुक, ऑडिओ हे हक्क सरसकट एका वाक्यात देऊ नका. प्रकाशक ज्या रूपात पुस्तक खरंच काढणार आहे, तेवढेच द्या. पुस्तकाच्या प्रती संपून ठरावीक महिन्यांत, समजा बारा, नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क लेखकाकडे परत, हे कलम नसेल तर घालायला सांगा. ते न घालण्याचं पटण्यासारखं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही.