वारं नाही गेलं, लाईट गेलीये

मावशी, मी परभणीची. वय 36, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. डावा पाय ओढत चालते, उन्हात गेलं की नजर धूसर होते, दुपारनंतर तर अंगात जीवच राहत नाही. रडायचं तेवढं रडून झालं, आता मला हसूच येतं. शेजारच्या आज्जींनी विचारलं, "अंगावरून वारं गेलं का गं?" मी म्हटलं, "वारं कुठलं आज्जी, लाईट गेलीये." ओसरीवरच्या सगळ्या हसल्या, हे मात्र उठून आत गेले. मागच्या महिन्यात वट्ट्याजवळ कुकर घेऊन पडले, तेव्हा म्हटलं, "धरणीमातेला वरणाचा नैवेद्य दाखवला." दोन दिवस बोलले नाहीत. म्हणतात, आजाराची थट्टा करू नये. चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला तर मला असं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबला तरी थांबेना. तेव्हापासून आत्याबाईही घुश्शात आहेत. हसणं बंद करू का?

अगं बाई, तू हसणं बंद केल्यानं पाय सरळ पडणार असता, तर मीच तुला गप बसवलं असतं.

पत्राच्या मागच्या पानावरचा दृष्ट काढण्याचा किस्सा मी दोनदा वाचला. आत्याबाईंनी मीठमिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या, घरभर ठसका उठला आणि तू खोकत खोकत म्हणालीस, "ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच. आत्याबाईंची तपासणी आणि एमआरआय, दोन्ही रिपोर्ट जुळले." यात त्यांचाही मान राहिला आणि आजाराचं नावही घरात उघड उच्चारलं गेलं. हे सगळ्यांना जमत नाही.

उन्हाचं म्हणशील, तर तुझं ते नाटक नाही, हे घरात ठणकावून सांग. आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते, असा हा आजार. शेतातल्या मोटारीची केबल उंदरानं सोलावी तसं. फरक एवढाच की इथं उंदीर बाहेरचा नाही, राखणीला ठेवलेलाच फितूर झालाय. सोललेल्या तारेतून संदेश कसाबसा जातो, आणि अंग अर्धा अंश तापलं तरी अडखळतो. श्रमानंतर रुग्णांची नजर मंदावते, ही नोंद विल्हेल्म उथॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1890 मध्ये केली. त्यामागचा खरा खोडकर म्हणजे अंगातली उष्णता, हे पुढे कळलं. एमआरआय नव्हतं त्या काळात तर डॉक्टर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का ते बघायचे. तुझी ही तपासणी मे महिन्यात एसटी स्टँडवर फुकटात होते. आणि हे उथॉफ होते जर्मन! 'जगात जर्मनी, भारतात परभणी' आपण उगाच मिरवतो असं मला वाटायचं. आता पटलं. नोंद जर्मनीनं केली, ऊन परभणी पुरवते.

अंग निवलं की ती धूसर नजर पुन्हा साफ होते, म्हणून मानेवर ओला पंचा टाकत जा, खरेदीबिरेदी सकाळी उरकत जा. पण एखादं नवं लक्षण 24 तासांपेक्षा जास्त टिकलं, तर त्यावर विनोद सुचायच्या आधी डॉक्टरांना फोन कर. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर तेही सांग, कारण साध्या संसर्गानंही जुनी लक्षणं उसळतात.

आता दहाव्याचं. हे मला जरा वेगळं दिसतंय. तू लिहितेस, "आत दुःखच होतं, पण तोंड हसत होतं." या वाक्यावर मी थांबले. एमएसमध्ये काही जणांचं हसण्यारडण्यावरचं मेंदूचं नियंत्रण सुटतं. मनात काहीही असो, हसू नाहीतर रडू आपोआप फुटतं आणि आवरत नाही. तुझं तेच आहे का, ते मी इथं बसून सांगू शकत नाही. पण त्यावर औषधं आहेत, तेव्हा पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना हा प्रसंग जसाच्या तसा सांग. रंगवून सांगू नकोस, तुला ती खोड आहे. आणि आत्याबाईंना सोबत ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचा घुस्सा उतरेल असं वाटतं.

स्टाफरूममधले ते सर "सकाळी सकाळीच घेतली का मॅडम?" म्हणतात आणि तूही हसतेस. का हसतेस? तो विनोद तुझा नाही. सरळ सांग, "सर, एमएस आहे, तोल जातो," आणि वह्या तपासायला घे. आणि दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग खाली मागायचा असेल, तर तिथं गंमत चालत नाही, तिथं लेखी अर्ज लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत, त्यात एमएसचं नाव आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्राचं बघ. एसटीत कंडक्टरला "अर्धं तिकीट द्या, अर्धाच पाय चालतोय" म्हणालीस, ते ठीक. मुख्याध्यापकांना असं काही म्हणू नकोस.

राहता राहिले तुझे मालक. ते रुसके आहेत असं तुला वाटतं. मला नाही वाटत. तू पडलीस हे त्यांना कसं कळलं? नैवेद्याच्या विनोदातून. लागलं का, भाजलं का, पाय आधी गेला की डोळ्यापुढं अंधारी आली, यातलं काहीच त्यांना कळलं नाही, नुसता विनोद मिळाला. ओसरीवरच्या बायका हसून घरी गेल्या, त्यांना रात्री तुझ्या शेजारी जागं राहायचं नव्हतं.

माझे वडील असेच होते. लकव्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पोट धरून हसवायचे. ते मोरीत तीनदा पडले होते, हे आम्हाला शेजारणीकडून कळलं. मला त्यांच्या विनोदांचा राग कधीच आला नाही. त्या तीनदांचा अजून येतो.

म्हणून घरात आधी बातमी दे, मग विनोद कर. "आज पडले. गुडघा खरचटलाय, बाकी बरी आहे." एवढं होऊ दे, ते दोन प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं दे. मग कर तुझा नैवेद्य. त्यांनाही विचार की तुम्हाला कशाची भीती वाटते, आणि ते बोलत असताना मधेच हजरजबाबीपणा करू नकोस. पाच मिनिटं जीभ चावून बस, जमेल तुला.

आणि वट्ट्यावरून कुकर उतरवायचं काम उद्यापासून त्यांच्याकडे. वरण सांडलं तर पहिला विनोद तुझा.

तुझी,
मावशी